कुंडीतला टोमॅटो: फवारणीचं खत सेंद्रिय की रासायनिक?

प्रश्न (ऐरोली): गॅलरीत १२ इंची कुंड्यांत टोमॅटो आहेत. दुकानदाराने १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला ५ ग्रॅम, त्यातच टॉनिक, दर चार दिवसांनी मारायला सांगितलं. पानांच्या कडा करपल्या, फोटो पाठवतोय. आता सगळं सेंद्रियच करू का? आणि कुंड्यांसाठी सरकारी अनुदान मिळतं का?

उत्तर: आधी पंप खाली ठेवा. हा करपा रोग नाही, खताचा चटका आहे. रोगाचे डाग पानभर, वलयावलयांचे पडतात. तुमच्या फोटोत फक्त कडा आणि टोकं वाळलीत, कारण द्रावण ओघळून तिथेच साचतं नि सुकतं. ५ ग्रॅम हे शेतातलं प्रमाण. कुंडीतल्या झाडाला लिटरला २ ग्रॅम, तेही १२-१५ दिवसांनी. दुकानदार सांगतो म्हणून डोस वाढवू नका. त्याला पुडा खपवायचाय.

सेंद्रिय की रासायनिक, हे भांडणच चुकीचं. १९:१९:१९ पानातून लगेच लागू पडतं आणि चुकलं तर लगेच जाळतं. समुद्री शेवाळाचा अर्क (लिटरला २ मिली) झाडाला तरतरी देतो, पण त्यात नत्र-स्फुरद-पालाश नगण्य, त्यावर झाड जगत नाही. खरं पोट मातीतून भरतं. कुंडीला महिन्याला दोन मुठी गांडूळखत घाला. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि बहुतेक जण टाळतात.

फुलं लागली की १९:१९:१९ बंद, नाहीतर नुसता पाला माजतो. तेव्हा ००:५२:३४ (नत्र नसलेलं, फक्त स्फुरद-पालाशचं खत), लिटरला २ ग्रॅम. कॅल्शियम नायट्रेट त्यात कधीही मिसळू नका, साका (न विरघळणारा गाळ) बसतो. फळाचं बूड काळं पडत असेल तर पाणी रोज ठरल्या वेळी द्या. पानावर मारलेलं कॅल्शियम फळात फारसं उतरत नाही.

फवारणी सकाळी ९ च्या आत. दुपारी तापलेल्या गॅलरीत नको, रात्रीही नको: खाडीकाठच्या दमट हवेत पान रात्रभर ओलं राहतं आणि मग खरा करपा येतो. टॉनिकच्या बाटलीवर घटक छापलेले नसतील तर घेऊच नका. अशी टॉनिकं, म्हणजे जैव-उत्तेजक, २०२१ पासून केंद्राच्या खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. बिल मागा.

अनुदानाचं विचारलंत: महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शेतकरी योजना जमिनीच्या नोंदीवर चालतात, कुंड्या त्यात बसत नाहीत.

आता पानं साध्या पाण्याने धुवा, कुंडीला खालून वाहीपर्यंत पाणी द्या, १० दिवस काहीही मारू नका. नवा शेंडा हिरवागार आला की मगच २ ग्रॅम.