क्रूस शिकवण्याआधी

ख्रिस्तात प्रिय लेकी,

तुझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या त्या मुलाचा प्रश्न वाचला. गुड फ्रायडेला आपण क्रुसाचा मुका घेतो. पण ज्याच्यावर येशूला मारलं, त्याचाच मुका का घ्यायचा? ‘तो आपल्या पापांसाठी मेला’ असं सांगून तू पुढे गेलीस. उत्तर खरं आहे, फक्त घाईत दिलंस. त्या मुलाला जे खटकलं ते आपल्याला खटकेनासं झालंय.

वसईत आपण क्रुसांच्या सावलीतच वाढतो. गावागावांत नाक्यावर पांढरा रंग दिलेला क्रूस, त्याला फुलांची माळ, चौथऱ्यावर मेणाचे थरावर थर. मुंबईच्या गावठाणांत तर १८९६च्या प्लेगनंतर लोकांनी असे कितीतरी क्रूस उभारले. संकटात हात तिकडे जोडले जातात हे योग्यच आहे. पण मुलांना आधी हे सांग, की रोमन राज्यात क्रूस म्हणजे गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. गुलामांचा पुढारी स्पार्टाकस याचं बंड मोडल्यावर, इ.स.पू. ७१ मध्ये, कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने सुमारे ६००० जणांना क्रुसावर टांगलं. भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं आणि धडकी भरावी म्हणून. रोममध्ये एका जुन्या भिंतीवर ओरखडून काढलेलं चित्र सापडलं आहे: क्रुसावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, समोर हात वर केलेला एक भक्त, आणि खाली ग्रीकमध्ये लिहिलंय, अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो. अशी थट्टा सोसून त्या पहिल्या ख्रिस्ती माणसांनी क्रुसावरच्या येशूला प्रभू म्हटलं. संत पौलाने करिंथच्या लोकांना मोकळेपणी लिहिलं, की क्रुसावरचा ख्रिस्त जगाला मूर्खपणा वाटतो.

माझी श्रद्धा इथे उभी आहे: माणसाला जिथे सगळ्यात खाली ढकललं जातं, तिथे देव स्वतः गेला. वरून निरोप पाठवला नाही. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे स्तोत्र २२ मधलं वाक्य येशूच्या ओठी आलं, ते मुलांपासून लपवू नकोस. ज्याच्या घरात रोज रडारड आहे त्या मुलाला हेच वाक्य जवळचं वाटेल. तिसऱ्या दिवशीचं पुनरुत्थान तू छान शिकवतेस, त्याबद्दल मला काही सांगायचं नाही.

आता तुझ्या पत्रातली दुसरी गोष्ट. पाचूबंदरच्या त्या बाईला नवरा दारू पिऊन मारतो, आणि प्रार्थनेला जमलेल्या बायकांनी तिला सांगितलं, ‘हा तुझा क्रूस आहे, सोस.’ तू विचारतेस, हे बरोबर का. नाही. अजिबात नाही. शुभवर्तमानात येशूने एकाही आजाऱ्याला ‘आजार सांभाळून ठेव’ असं सांगितलेलं नाही. त्याने बरं केलं, शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, मोडल्याचा आरोप घेऊनही बरं केलं. लूक ९:२३ मध्ये तो म्हणतो, दररोज आपला क्रूस उचल. तिथे क्रूस उचलणारा स्वतःहून उचलतो, प्रेमापोटी. दुसऱ्याच्या खांद्यावर तो ठेवून वर उपदेश करायचा हक्क त्याने कुणालाच दिला नाही. क्रूस दुसऱ्यावर लादायचं काम येशूला मारायला नेताना शिपायांनी केलं, शिमोन कुरेनेकर नावाच्या वाटसरूला धरून.

आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया मला म्हणूनच इतका मोलाचा वाटतो. आधी तो जपानात व्यापार करायचा. मग मनिलात फ्रान्सिस्कन संन्यासी झाला आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानात गेला. क्योतोत त्याचे संघबंधू गरिबांसाठी दवाखाने चालवत, कुष्ठरोग्यांची सेवा करत. पकडल्यावर त्यांचा डावा कान कापला, थंडीत पायी चालवत नागासाकीला नेलं, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकलं. त्यांच्यातल्या पॉल मिकीने क्रुसावरूनच मारणाऱ्यांना क्षमा केली. गोन्सालो क्रूस शोधायला गेला नव्हता. त्याने माणसं सोडली नाहीत, म्हणून तो त्याच्या वाट्याला आला. वर्गात त्याची तसबीर दाखवशील तेव्हा चमत्कारांच्या आधी त्या दवाखान्यांबद्दल सांग.

त्या बाईकडे एकटी जाऊ नकोस, नवरा घरी असताना तर नकोच. धर्मगुरूंना आधी कळव. पोलिसांत जायचं की नाही ते तिला ठरवू दे, पण सोबत कोण येईल ते तू आधीच ठरवून ठेव. तिने सांगितलं तर प्रार्थना म्हण. आमच्या घरातली मागची खोली मी झाडून, पलंग टाकून ठेवली आहे. मुलांना घेऊन ती कितीही रात्री आली तरी दार उघडेन, एवढं तिला माझ्या नावाने सांग.

तुझ्या बाई