एमएक्स, म्हणजे डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरकडे जायची ते सांगणारं रेकॉर्ड, बदलल्यापासून मेल येत नाही. रेकॉर्ड एनएसलुकअपने तपासू की डिगने?

डिगने. दोन्ही अशी रेकॉर्ड विचारायच्याच कमांड आहेत. पण तुम्ही पुढे लिहिलंय की होस्टिंगवाले ‘प्रोपगेशनला (बदल सगळीकडे पोचायला) 48 तास लागतात, थांबा’ म्हणाले, ते वाचून राहवलं नाही.

आधीच्या कंपनीत मेल नव्या सर्व्हरवर हलवली तेव्हा हेच ऐकलं होतं. ऐन महिनाअखेर, ऑर्डरी येईनात, अकाउंट्सच्या मॅडम सारख्या टेबलाशी येऊन उभ्या. आमचे सीनिअर निवांत, ‘थांब रे, होईल आपोआप.’ मी चेकर साइटींचा नाद सोडला आणि थेट आमच्या डोमेनच्या नेमसर्व्हरलाच, म्हणजे रेकॉर्ड मुळात जिथे ठेवलेली असतात त्या सर्व्हरला, विचारलं: डिग, डोमेन, एमएक्स, आणि ॲटचं चिन्ह लावून नेमसर्व्हरचं नाव. उत्तरात एए फ्लॅग होता, म्हणजे कुणाच्या कॅशमधलं (आधी साठवून ठेवलेलं) नाही, मूळ ठिकाणचं उत्तर. आणि त्यात मेल सर्व्हरच्या नावापुढे आमचं डोमेन दुसऱ्यांदा चिकटलेलं! नावाच्या शेवटचं टिंब राहिलं की सर्व्हर ते नाव अर्धवट धरतो आणि पुढे डोमेन जोडतो. मुळातच चुकलेलं रेकॉर्ड कितीही थांबलं तरी सुधारणार कसं? पॅनेलमध्ये टिंब टाकलं, टीटीएल (उत्तर कॅशमध्ये किती वेळ ठेवायचं तो आकडा) 3600 होता, तासाभरात मेल सुरू. सीनिअर तरी म्हणतच राहिले, ‘बघ, झालं ना आपोआप!’

तेव्हा आधी मूळ नेमसर्व्हरला विचारा, मग 8.8.8.8 ला, म्हणजे नावं शोधून देणाऱ्या गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरला. मूळ ठिकाणी बरोबर आणि 8.8.8.8 वर जुनं असेल, तर टीटीएलचा आकडा बघा. तो सेकंदांत असतो, जुनं उत्तर फार तर तेवढंच टिकतं. मुळातच चूक दिसली तर एक मिनिटही थांबू नका, अख्खं आउटपुट सपोर्टच्या तिकिटात चिकटवा. आणि ‘आपोआप होईल’ म्हणणाऱ्याला टीटीएल किती आहे ते विचारा. ज्याला तो आकडा सांगता येत नाही, त्याने दुसऱ्याला थांबायला सांगू नये.

हां, नेमसर्व्हरच बदलले असतील तर गोष्ट वेगळी. डॉट कॉमच्या सर्व्हरांवर नेमसर्व्हरांच्या नोंदीचा टीटीएल 172800 असतो, म्हणजे 48 तासच. तिथे खरंच थांबावं लागू शकतं. आणि विंडोजवर डिग आयतं मिळत नाही. तिथे एनएसलुकअपला टाइप एमएक्स देऊन डोमेननंतर नेमसर्व्हरचं नाव लिहा, एवढ्या कामाला तेही चालतं.