स्टेजपुढच्या रेलिंगला चिकटायचं की मागं उभं राहायचं?

प्रश्न: दादा, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरच्या रॉक शोचं स्टँडिंग तिकीट घेतलंय, आम्ही नागपूरच्या धरमपेठेतल्या दोघी मैत्रिणी, उंची बेताचीच, सकाळपासून लायनीत बसावं काय?

उत्तर: रेलिंगच पाहिजे असन तर बसा बापा, पण मग एकीनं जागा धरायची अन् दुसरीनं पाणी-बाथरूम, त्यात पुढं स्पीकरचा बेस (जाड आवाज) नुसता छातीवर धडधडते, गाणं कमीच समजते. मी तर साऊंडवाल्याच्या मिक्सरजवळ उभा राहतो, तो तिथूनच आवाज जुळवते ना, मस्त साफ ऐकू येते. इयरप्लग न्या. तिकीट आधीच डाउनलोड करा, गेटवर नेटवर्क हमखास बसते. विदर्भ एक्सप्रेसनं ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर लोकल पकडा, सीएसटीपर्यंत कायले जाता!