शिवणाचे प्रश्न: होजिअरीचं कापड

प्रश्न: घरी पायाचं काळं मशीन आहे. सुती कापडावर टाका सुरेख येतो, पण मुलाच्या टी-शर्टसाठी होजिअरी घेतली की मध्येमध्ये टाकेच पडत नाहीत. दुरुस्तीवाला म्हणतो, मशीन ठीक आहे. (एक वाचक, गुहागर)

उत्तर: त्याचं खरं आहे. गडबड सुईची आहे. होजिअरी म्हणजे एकात एक गुंतलेल्या फासांची वीण. साध्या सुईचं अणकुचीदार टोक त्या फासांचा धागाच भोसकतं, मग वर जाताना सुई कापडालाही सोबत उचलते. दोऱ्याचा जो छोटा फुगा सुईमागे सुटायला हवा, तो सुटत नाही. खालचा दोरा गुंफणाऱ्या शटलच्या हाती काही लागत नाही आणि टाका गळतो.

बॉलपॉइंट सुई मागा. तिचं टोक किंचित गोल असतं, धागे बाजूला सारून ती आत जाते. बनियनसारख्या पातळ कापडाला ११ नंबर, जाड टी-शर्टला १४. दुकानात जुनी सुई सोबत न्या, दांडा जुळायला हवा. शिवून झालं की सुई मशीनवर ठेवू नका. खाऱ्या दमट हवेत ती लवकर गंजते आणि गंजलेली सुई वीण उसवते. मशीनच्या तेलाने पुसलेल्या फडक्यात गुंडाळून डबीत ठेवा, पुन्हा लावली की आधी चिंधीवर चालवा, नाहीतर तेलाचा डाग नव्या कापडावर.

दोरा पॉलिएस्टरचाच. तुमच्या मशीनचा सरळ टाका ताणला जात नाही, म्हणून टाका अडीच मिमीचा ठेवून शिवताना कापड पुढून-मागून हलकंच ताणून धरा. ओढायचं मात्र नाही, सुई वाकते. झिगझॅग असेल तर एवढी कसरत नको: रुंदी १, लांबी अडीच मिमी. सुरुवातीलाच कापड दात्यांत (कापड पुढे सरकवणाऱ्या, सुईखालच्या) गिळलं जात असेल तर खाली पातळ कागदाची पट्टी घ्या, नंतर फाडून टाका. वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

प्रश्न: गळ्याची पट्टी लावली की गळा लाटांसारखा उठतो. (एक वाचक, मालवण)

उत्तर: पट्टी गळ्याएवढीच कापली असणार. ती घेराच्या साधारण ८५ टक्के हवी. शिलाईच्या रेषेवर गळा ५० सेंमी भरला तर पट्टी साडेबेचाळीस, अधिक जोडासाठी दोन्हीकडे १ सेंमी. रुंदी ५ सेंमी. दुमडून, १ सेंमी शिलाईत गेल्यावर दीड सेंमी दिसते. कापड ज्या दिशेने जास्त ताणलं जातं, ती दिशा पट्टीच्या लांबीत यायला हवी.

पट्टी आणि गळा, दोन्हींचे चार सारखे भाग करून खुणा जुळवा. खांद्याची शिलाई ही चौथ्या भागाची खूण धरू नका, पुढचा गळा खोल असतो. फक्त पट्टी ताणायची, गळा नाही. आणि शिवण्याआधी टाचून डोक्यातून जाते का, तेवढं बघा.

प्रश्न: पावसात कापड वाळत नाही. न धुता कापलं तर? (एक वाचक, मुरुड)

उत्तर: नको. सुती होजिअरी पहिल्या धुण्यात आटते, बहुधा लांबीत जास्त. दोरीवर टाकलं तर ओल्या वजनाने उलट लांबतं. पंच्यात गुंडाळून पाणी टिपा, मग चटईवर आडवं पसरून पंखा लावा. किंचित ओलसर असतानाही मापं फसवतात, तेव्हा पुरतं वाळू द्या. पहिला कपडा इंटरलॉकचा, म्हणजे दुहेरी विणीच्या होजिअरीचा करा. सिंगल जर्सीच्या, म्हणजे एकेरी विणीच्या होजिअरीच्या कडा कापताक्षणी वळतात.