वाचकांचे प्रश्न : मुरमावर अंथरलेला गालिचा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी परदेशीपुऱ्यात राहतो. वय ५८. वडील गिरणीत साचेखात्यात होते. घरात पिढ्यान्‌पिढ्या देवधर्म आहे आणि मी स्वतः रोजची पूजा चुकवत नाही, हे आधीच सांगतो, कारण पुढचे वाचून माझ्याविषयी गैरसमज होऊ नये.

आमच्या गल्लीतील ड्रेनेज लाइन गेल्या मार्गशीर्षापासून तुंबलेली आहे. झोन कार्यालयात चार अर्ज दिले, मुख्यमंत्री हेल्पलाइनच्या १८१ क्रमांकावर दोनदा तक्रार नोंदवली; प्रत्येक वेळी काही दिवसांनी मोबाइलवर ‘निराकरण झाले’ असा संदेश येतो आणि पाणी तिथेच असते. लोक विटांवर पाय ठेवून घराबाहेर पडतात. याच गल्लीत नवरात्रात आमच्या पार्षदांनी (नगरसेवकांनी) महाआरती ठेवली. आदल्या संध्याकाळी दोन ट्रॉल्या मुरूम आणून त्या घाण पाण्यावर पसरला आणि वर हिरवा गालिचा अंथरला. देवीच्या तसबिरीपेक्षा पार्षदांचे आणि त्यांच्या वरच्या नेत्यांचे फलक मोठे होते. धर्मरक्षणावर त्यांचे पाऊण तास भाषण झाले. मी उभा राहून ड्रेनेजविषयी विचारले, तेव्हा त्यांच्या एका कार्यकर्त्याने खांद्यावर हात ठेवून सांगितले, “काका, धर्माच्या कार्यक्रमात राजकारण आणू नका.” परतताना माझ्या ८१ वर्षांच्या आईचा पाय गालिच्याच्या कडेला घोट्यापर्यंत चिखलात गेला. घरी नळाखाली पाय धुताना तिने मला विचारले, “देवीला तो वास आला नसेल का रे?” मला उत्तर देता आले नाही. आता मतदानालाच जाऊ नये असे वाटते. माझे चुकले का?
– एक वाचक, परदेशीपुरा, इंदूर

उत्तर : आपले काहीही चुकलेले नाही. आपले पत्र मी दोनदा वाचले आणि आईंच्या प्रश्नापाशी दोन्ही वेळा थांबलो. राजकारण त्या मांडवात आपण आणले नाही. ते फलकांच्या रूपाने, भाषणाच्या रूपाने आणि मुरमाच्या दोन ट्रॉल्यांच्या रूपाने आपल्या आधीच तिथे येऊन बसले होते. आपण फक्त त्याच मांडवाखाली काय दडवले आहे ते बोलून दाखवले. ‘धर्माच्या कार्यक्रमात राजकारण नको’ हे वाक्य व्यासपीठावर बसलेल्यांना लागू होत नसेल आणि समोर बसलेल्यांनाच लागू होत असेल, तर ते वाक्य धर्माच्या बाजूने उच्चारलेले नाही, एवढे आपल्याला निश्चित समजावे.

आपण इंदूरचे आहोत, म्हणून एक गोष्ट आपल्याच इतिहासातून सांगावीशी वाटते. होळकरांच्या राज्यात खासगी आणि दौलत असे दोन खजिने वेगळे होते. १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगीची जहागीर लागली आणि पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. काशी विश्वेश्वराचे मंदिर १७८० च्या सुमारास त्यांनी पुन्हा उभारले, सोमनाथला मंदिर बांधले, कुठे घाट, कुठे विहिरी, कुठे धर्मशाळा बांधल्या, आणि हा सारा धर्मादाय प्रामुख्याने खासगीतून झाला. राज्याची दौलत राज्याच्या कामाला आणि आपली भक्ती आपल्या पैशाने, ही ती रीत होती. आज राजवाड्यासमोरच्या त्यांच्या पुतळ्याला प्रत्येक नेता हार घालतो. मात्र त्या दोन खजिन्यांमधली भिंत किती जणांनी राखली आहे, हा प्रश्न हार घालणाऱ्या प्रत्येकाला विचारण्यासारखा आहे. आपल्या गल्लीपुरते बोलायचे तर आरतीचा मंडप पार्षदांनी स्वतःच्या खिशातून घातला असेल तर ती त्यांची खासगी आहे आणि त्याबद्दल आपली तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु ड्रेनेज ही दौलत आहे, ती त्यांच्या मर्जीची बाब नाही, आणि खासगीत कितीही खर्च केला तरी दौलतीतली बाकी त्याने फिटत नाही. मुरूम कोणाच्या ट्रॉलीतून, कोणाच्या खर्चाने आला, हे मात्र आपण जरूर विचारावे.

आपले वडील गिरणीत होते असे आपण लिहिले आहे, त्यामुळे पुढची गोष्ट आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाँक्या (सजवलेले देखावे) निघतात आणि सारे शहर रस्त्यावर उभे राहून पाहते. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. मिल बंद झाली तरी कामगारांनी झाँकी बंद केली नाही. ज्यांच्या घरी पगार येत नव्हता त्यांनी वर्गणी गोळा करून गणपतीचा मान राखला. त्या झाँक्यांचे पूजन करायला वर्षानुवर्षे सर्व पक्षांचे नेते आले, आणि त्याच काळात त्याच कामगारांची थकबाकी न्यायालयाच्या फायलींत पडून होती. २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ४,८०० कामगार आणि त्यांच्या वारसांसाठी २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द झाला तेव्हा ३२ वर्षे उलटून गेली होती. वारस हा शब्द त्या यादीत का आला, ते मिल परिसरात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. या ३२ वर्षांत मिलच्या गणपतीपुढे जितक्या वेळा नेत्यांच्या हातात आरतीचे तबक दिले गेले, तितक्या वेळा कोणी त्यांच्या हातात थकबाकीची यादीही दिली असती, तर काय झाले असते, याचा मी पुष्कळदा विचार करतो. कामगारांची भक्ती खरी होती आणि तिचा उपयोग इतरांनी करून घेतला, याचे मला अजूनही वाईट वाटते.

धर्माच्या नावाने प्रश्न दाबला की काय होते, हे या शहराने ३० मार्च २०२३ रोजी पाहिले आहे. रामनवमीच्या दिवशी पटेलनगरातील मंदिरात हवन चालू असताना बावडीवर (पायऱ्यांच्या विहिरीवर) टाकलेला स्लॅब खचला आणि ३६ माणसे गेली. त्या बांधकामाविषयी रहिवाशांनी आधीच तक्रारी केल्या होत्या आणि नगर निगमाने (महापालिकेने) नोटीसही दिली होती. तरीही ते बांधकाम हटले ते अपघातानंतर, काही दिवसांतच. म्हणजे हटवणे अशक्य नव्हते. मंदिराला हात लावला तर मते जातील ही भीती आणि बोललो तर धर्मविरोधी ठरू ही भीती, या दोन भीतींच्या मध्ये ती बावडी झाकलेलीच राहिली. गेलेली माणसे दर्शनालाच आली होती. म्हणून ‘काका, गप्प बसा’ असे कोणी म्हटले तर त्याला आपण हे सांगू शकता की गप्प बसण्याची किंमत शेवटी भाविकच मोजतो.

आता काय करायचे ते सांगतो. १८१ वरची तक्रार अधिकाऱ्याने परस्पर निकाली काढली असेल तर असमाधान नोंदवून ती वरच्या पातळीवर जाऊ द्यावी. तक्रार बंद करून घ्या म्हणून विनवणारा फोन येईल, तेव्हा संकोच करू नये. मात्र तेवढ्यावर थांबू नका. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली निगमाकडे दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा. ‘ड्रेनेज का तुंबले’ असे विचारू नका, कारण ‘का’ या प्रश्नाला बगल देता येते. कागद मागा. आपल्या गल्लीच्या लाइनवर गेल्या तीन वर्षांत कोणते कार्यादेश निघाले, ठेकेदाराला किती देयक दिले, मोजमाप पुस्तिकेत काय नोंदले आहे, आणि आपल्या दोन्ही तक्रारी कोणत्या पाहणीच्या आधारे बंद केल्या, यांच्या प्रमाणित प्रती मागा. याच कायद्याने चालू कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा नमुना घेण्याचाही अधिकार आपल्याला दिला आहे. तो फार थोडे लोक वापरतात. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, ती उलटली तर प्रथम अपील करावे. अर्ज एकट्याने करू नका. विटांवरून चालणारी सगळी घरे त्यावर सही करू शकतात.

मतदानाचा प्रश्न उरला. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत इंदूरमध्ये २,१८,६७४ मतदारांनी नोटाचे, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नाही’चे, बटण दाबले. तो राग खरा होता आणि देशभर त्याची दखल घेतली गेली. पण नोटाची मते मोजली जातात, निकाल मात्र बदलत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. वॉर्डाची गोष्ट निराळी आहे. ८५ वॉर्डांच्या या निगमात पार्षद एका वॉर्डातून निवडून येतो, त्याला आपली गल्ली पायाखालची असते, आणि तिथे चाळीस घरांनी एकत्र बसून ठरवले तर उमेदवाराला ते मतदानाआधीच कळते. घरी बसलेल्या मतदाराची मात्र त्याला फिकीर नसते. तो निराश होऊन घरी बसला की श्रद्धाळू म्हणून घरी बसला, याने त्याच्या हिशेबात काही फरक पडत नाही. मी आपल्या जागी असतो तर मतदानाला गेलो असतो आणि उमेदवार दारात आला असता तेव्हा त्याला विटांवरून चालवत आत आणले असते.

आईंना काय सांगावे हे आपण विचारलेले नाही, पण त्यांच्या प्रश्नामागची श्रद्धा सच्ची आहे, एवढे त्यांना माझ्या वतीने सांगा.

प्रश्न : मी यंदा पहिल्यांदाच मतदान करणार आहे. देवाधर्माच्या नावाने मत मागणे कायद्याने चालते का? आणि चालत नसेल तर सगळेच तसे कसे करतात?
– एक विद्यार्थिनी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : चालत नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम १२३(३) प्रमाणे धर्म, वंश, जात, समुदाय किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे. पूर्वी यात केवळ उमेदवाराचा धर्म धरायचा की मतदाराचाही, याविषयी वाद होता. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन मतांनी मतदाराचा धर्मही त्यात येतो असा निकाल दिला. हा नियम प्रत्येक धर्माच्या आणि प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला सारखा लागू आहे, आणि ढोंगही कोणा एका धर्माची मिरास नाही. तरीही हे चालते, कारण लोकसभा किंवा विधानसभा निवडणुकीत अशी तक्रार तडीस न्यायची तर निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते, पुरावा भक्कम लागतो आणि खटला रेंगाळतो. पण याचिका केवळ पराभूत उमेदवारच करू शकतो असे नाही, त्या मतदारसंघातील साधा मतदारही करू शकतो. सभेला जाल तेव्हा काय ऐकले ते तारीख-वेळेसह लिहून ठेवण्याची सवय लावून घ्या.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाला दरवर्षी एक नेते मांडव आणि लाउडस्पीकर विनामूल्य देतात, म्हणून उत्सवात त्यांचा सत्कार करावा लागतो. नेत्यांच्या ढोंगाला आम्ही नावे ठेवतो, पण सत्काराची शाल आम्हीच आणतो. हे मनाला खटकते. काय करावे?
– एक भगिनी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : ताई, या महिन्यात आलेल्या पत्रांत हे सर्वांत प्रामाणिक पत्र आहे. मांडव विनामूल्य मिळत नाही. त्याच्या मोबदल्यात आपण त्यांच्या हाती माइक देतो, आणि एकदा माइक दिला की भजन किती वेळ आणि भाषण किती वेळ हे आपल्या हातात राहत नाही. कायद्याची बाजूही समजून घ्या. धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) कायदा, १९८८ प्रमाणे धार्मिक संस्थेचा किंवा तिच्या आश्रयाखालील उत्सवाचा वापर राजकीय कामासाठी होऊ देता येत नाही, आणि ही जबाबदारी संस्था चालवणाऱ्यांवर असते. आपले मंडळ मंदिराच्या आवारात उत्सव करत असेल तर विश्वस्तांना हे जरूर दाखवा.

पण कायद्याच्या आधी हिशेब करून पाहा. पंचवीस-तीस बायकांच्या भजनाला लाउडस्पीकर लागतोच का? पूर्वी रामबागेतल्या वाड्यांत पेटी, टाळ आणि एक सतरंजी एवढ्यावर एकादशीची भजने होत आणि शेजारच्या वाड्यातून माणसे ऐकायला येत. मांडव लहान करा, वर्गणीतून भाडे भरा, आणि त्या नेत्यांना निमंत्रण जरूर द्या, पण इतर भाविकांसारखे, खाली सतरंजीवर. ते आले तर मनापासून प्रसाद द्या. यंदाच्या बैठकीत हे मांडताना एकट्या पडू नये म्हणून आधी दोघी-तिघींशी बोलून ठेवा, आणि मांडवाच्या भाड्याचे दरपत्रक सोबत घेऊनच जा, म्हणजे ‘खर्च झेपणार नाही’ हा मुद्दा निघाला की आकडा समोर ठेवता येईल.