ईएसआयचा बेकारी भत्त्याचा दावा नामंजूर झाला, आता काय करावं?

ताई, तुम्ही विचारलंय की टॉवेल कारखाना बंद पडला, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत (ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची बेकारी भत्त्याची योजना) दावा टाकला आणि 'अंशदानाची अट पूर्ण नाही', म्हणजे विम्याचे हप्ते पुरेशा दिवसांचे नाहीत, म्हणून तो नामंजूर झाला, तर आता भांडून उपयोग आहे का. आहे. 2022 मध्ये माझा दावा ह्याच शेऱ्यावर परत आला होता आणि सात महिन्यांनी का होईना, पैसे खात्यात आले.

तोंडी नकार ऐकून घरी येऊ नका. नामंजुरीचं कारण लेखी मागा. कारण हातात नसेल तर आपण नुसती परिस्थिती सांगत बसतो, घरभाडं, पोरांची फी. त्यावर समोरचा माणूस हळहळेल, पण त्याच्या कॉम्प्युटरवरचा आकडा हलणार नाही. आणि भांडण त्या आकड्याशीच आहे.

आकडा म्हणजे 78 दिवस. ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यांत मोजतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. नोकरी जाण्याआधीची दोन वर्षं तुम्ही विमाधारक कामगार असायला हवं. अगदी लगतच्या सहामाहीत किमान 78 दिवसांचं अंशदान हवं आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत तेवढंच.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडला चेकिंग-घडीच्या खात्यात होते. मार्च 2022 अखेर माग थांबले. दावा फेटाळल्यावर मुलीने विमा क्रमांक टाकून माझी नोंद उघडली. ऑक्टोबरसमोर 24 दिवस, नोव्हेंबर 19, डिसेंबर 18. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, तिन्हींसमोर शून्य. बेरीज 61. सतरा दिवस कमी! आणि मी त्या तीन महिन्यांत एकही खाडा केलेला नव्हता. पगारचिठ्ठ्या पिठाच्या डब्यामागे पिशवीत होत्या. जानेवारीच्या चिठ्ठीवर पगार 13,000 आणि ईएसआय कपात 98 रुपये, निळ्या शाईत. म्हणजे मालकांनी माझ्या पगारातून पैसे कापले, पण भरलेच नाहीत. ती चिठ्ठी हातात घेऊन मी बराच वेळ जमिनीवर बसून होते.

मग ईएसआयच्या कार्यालयात अर्ज केला. एक पानाचा, साधा. कुठल्या महिन्यात किती दिवस काम केलं, किती कपात झाली, नोंदीत काय दिसतं, एवढंच. सोबत चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स, बँक पासबुकातल्या पगाराच्या नोंदी, हजेरी कार्ड. शेवटी दोन मागण्या: मालकांचं हजेरीपुस्तक आणि पगारपत्रक तपासावं, आणि मालकांनी अंशदान भरलं नाही म्हणून माझा हक्क बुडवू नये. ही दुसरी मागणी मनाची नव्हती. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या कलम 68 मध्ये लिहिलं होतं की मालकाच्या चुकीमुळे कामगाराचा लाभ हुकत असेल, तर खात्री पटल्यावर विमा महामंडळ कामगाराला लाभ देऊ शकतं आणि रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदललेत, म्हणून अर्जात क्रमांकापेक्षा मजकूर स्पष्ट लिहा. पोच म्हणून तुमच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

दीड महिना काहीच हललं नाही. तेव्हा माहिती अधिकारात अर्ज टाकला, फी 10 रुपये, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 'माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कारवाई झाली' एवढाच प्रश्न. त्यानंतर तपासणी झाली, हजेरीपुस्तकात माझी सही सापडली, थकलेलं अंशदान भरलं गेलं आणि दावा पुन्हा उघडला.

पैसे किती मिळतात तेही सांगते, कारण लोक उगाच जास्त धरून चालतात. चार सहामाह्यांची एकूण कमाई भागिले 730, त्याच्या निम्मे, जास्तीत जास्त 90 दिवस. दोन वर्षं दरमहा 13,000 धरले तर सुमारे 19,200 रुपये. बेकारीच्या दिवसांत त्यात घर चालतं हो, मी चालवलंय. पण हा लाभ आयुष्यात एकदाच आहे.

तुमचे दिवस नोंदीत पुरेसे असतील तर नाव तपासा. आपल्याकडे तेलुगू घरांत आडनाव आधी लिहितात, आधारवर एक क्रम, विमा कार्डावर दुसरा, आणि दावा अडकतो. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढलं असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर मात्र ही योजना लागू होत नाही. म्हणून 'राजीनामा लिहून द्या, हिशेब देतो' असं कोणी म्हटलं तर सही करू नका.

कारखाना कायद्याप्रमाणे रीतसर बंद झाला असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचीही चौकशी करा. तिथे 24 महिन्यांपर्यंत भत्ता आहे, पहिलं वर्ष 50 टक्के, दुसरं 25 टक्के.

एवढं करूनही नकारच आला तर कर्मचारी विमा न्यायालय आहे, मुदत तीन वर्षांची. पण त्याआधी आज संध्याकाळी तुमची अंशदानाची नोंद उघडा आणि शेवटच्या सहा महिन्यांचे दिवस चिठ्ठ्यांशी ताडून बघा. कोणत्या महिन्यात फरक दिसतो ते कळवा, अर्जाचा मजकूर मी लिहून देते.