सावकाश होऊ द्या, म्हणजे नक्की काय? (सईला पत्र)

प्रिय सई,

तुझं पत्र काल मिळालं, चक्क पोस्टाने, स्टँप उलटा चिकटवलेला. आईने ते आधी स्वतः दोनदा वाचलं मग मला दिलं. तुमच्या समर कॅम्पवर फोन काढून घेतात हे मला फार आवडलंय, नाहीतर तू तीन शब्दांचा मेसेज टाकला असतास, मी त्याखाली एक अंगठा टाकला असता आणि विषय संपला असता. आता मराठीत लिहितोय, हळूहळू वाच, अडलं तिथे पेन्सिलने खूण कर, आल्यावर बघू.

तू लिहिलंयस की तिथे डायनिंग हॉलमध्ये २० मिनिटांत जेवण उरकावं लागतं, मग शिट्टी वाजते, आणि तेव्हा तुला पुण्यातली आत्याकडची मुंज आठवली. आतोबा हात जोडून टेबलांमधून फिरत होते आणि सगळ्यांना "सावकाश होऊ द्या" म्हणत होते आणि तुला वाटलं आपण बकाबका खातोय म्हणून ते रागावले. हे वाचून मी इतका हसलो की चहा सांडला. अगं नाही, रागावले नव्हते. ते यजमानाने म्हणायचंच असतं. म्हणजे घाई नाही, आत भरपूर आहे, तुमचं पान कोणी उचलणार नाहीये, निवांत जेवा. आता गंमत अशी की त्याच वेळी तुझ्या खुर्चीच्या पाठीला हात लावून पुढच्या पंगतीतले एक काका उभे होते, तुझा ताकभात कधी संपतोय बघत. आपल्याकडे दोन्ही एकदम चालतं. पण बघ, मागे रांग लागलेली असताना सुद्धा पाहुण्याला घाई करायची नाही, उलट सावकाश म्हणायचं, हे मला अजून भारी वाटतं.

ताटाचंही तसंच आहे. तू एकदा चिडून म्हणालेलीस की माझं ताट आहे, मी चटणी कुठेही घेईन. घे की. पण आजी वाढते तेव्हा नीट बघ, वर मधोमध चिमूटभर मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी, समोर भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप. डावीकडचं सगळं बोटाने चाटण्याएवढं असतं, उजवीकडचं पोटभर खायचं. म्हणजे किती खायचं हे ताटात जागेनेच सांगून ठेवलंय. तुझ्या त्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक घासाची कॅलरी भरत बसण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, अर्थात मी म्हातारा होत चाललोय त्यामुळे असेलही. आणि ताटाभोवती आजी पाणी फिरवते ती चित्राहुतीची पद्धत, बाजूला भाताची दोन-चार शितं ठेवायची, मग जेवायला लागायचं. कोणी म्हणतं मुंग्या येऊ नयेत म्हणून, मला ही असली कारणं नंतर चिकटवलेली वाटतात. मला त्यात एवढंच दिसतं की ताट समोर आल्याआल्या तुटून पडायचं नाही, अर्धा मिनिट थांबायचं.

पण प्रत्येक जुनी गोष्ट शास्त्रीयच असते असं मी तुला कधी सांगणार नाही. उदाहरणार्थ पहिला वरणभात. मला आता आधी कोशिंबीर आणि भाजी खायला सांगितलंय, भात नंतर, त्याने जेवणानंतरची साखर कमी चढते. आजीला हे अजिबात मंजूर नाही. गेल्या उन्हाळ्यात ती इथे अमेरिकेत होती तेव्हा मी काकडी संपवेपर्यंत भाताकडे बघत नव्हतो तर म्हणाली, "अरे वरणभात निवतोय, ससा आहेस का तू?"

मला का सांगितलं ते तुला अर्धवट माहितीये, पूर्ण सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ५.९ आली. ५.७ ते ६.४ च्या मध्ये असलं की प्रीडायबिटीस म्हणतात, म्हणजे अजून आजार नाही पण दारात उभा आहे. पित्त तर कायमचंच होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं दुपारी काय खाता, मी अभिमानाने म्हणालो घरचा डबा, पोळी-भाजी. मग त्यांनी विचारलं किती वेळात. मला सांगताच येईना. दुसऱ्या दिवशी ऑफिसात घड्याळ लावलं तर सात मिनिटं, तीही मीटिंग चालू असताना, कॅमेरा बंद करून. कुठली भाजी होती ते संध्याकाळी आठवत नव्हतं. तुझी आई सकाळी सहाला उठून केलेली भाजी! (हे तिला वाचून दाखवू नकोस.) पोट भरलंय हा निरोप डोक्यापर्यंत पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात म्हणतात, माझा डबा त्याआधीच धुवून बॅगेत जायचा आणि वर निरोप न पोचल्यामुळे तीन वाजता परत बिस्किटं. तेव्हा तुमच्या शिट्टीला मी फार नावं ठेवणार नाही, माझ्यापेक्षा तुम्ही तेरा मिनिटं जास्त जेवताय.

बाग तेव्हा सुरू झाली. मला बागकामाची हौस वगैरे काही नव्हती, चालायला जायचा कंटाळा म्हणून सुरू केली. आणि पहिल्याच वर्षी एप्रिलमध्ये ऊन पडलं म्हणून हुरळून टोमॅटो, मिरची, भेंडी सगळं लावून टाकलं आणि एका रात्रीच्या फ्रॉस्टने सगळं काळं पडलं. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून बघितलं आणि म्हणाले, मदर्स डेच्या, म्हणजे मेच्या दुसऱ्या रविवारच्या, आधी इथे कोणी लावत नाही. न्यू जर्सीत हे सगळ्यांना माहिती, फक्त मला नव्हतं. त्यांनीच मला त्यांच्याकडची दोन रोपं दिली, रटगर्स जातीच्या टोमॅटोची, ती इथल्याच विद्यापीठाने १९३४ मध्ये काढलेली जात, सूप-सॉससाठी. त्या रोपाला पहिलं फूल आल्यापासून फळ लाल होईपर्यंत दीड-दोन महिने मी रोज सकाळी कॉफी घेऊन तिथे उभा. तू हसायचीस. पण ज्या टोमॅटोची आठ आठवडे वाट बघितली तो सात मिनिटांत कसा खाणार गं? त्याची आपण चौघांनी मिळून एक कोशिंबीर केली, दाण्याचं कूट घालून, आणि तू वाटी चाटलीस. तेव्हा कळलं की मी सावकाश जेवायचं ठरवून सावकाश जेवत नव्हतो, ठरवलेलं तर चार दिवसही टिकलं नव्हतं. समोरच्या गोष्टीला किती दिवस लागले ते डोळ्यांनी बघितलं की हात आपोआप मंद होतो.

मग अळू. अळूचं मला वेड आहे कारण माझ्या आजोळी, चिपळूणजवळ, परसात मोरीचं पाणी जिथे जायचं तिथे अळू असायचं. कोणी लावलं माहिती नाही, कोणी पाणी घातलं नाही, सांडपाण्यावरच माजायचं. काळ्या देठाचं वड्यांना, हिरवं पातळ भाजीला, जिला आपण फदफदं म्हणतो आणि तू ग्रीन स्लाइम म्हणतेस. इथे मी इंडियन स्टोअरमधून अरवी आणली, म्हणजे अळकुड्याच त्या, आणि त्यातल्या चार मे महिन्यात कुंडीत पुरल्या, जुलैत पानं तुझ्या पाठीएवढी. (नर्सरीत एलिफंट इअर म्हणून शोभेचं मिळतं ते खायचं नाही हां, कितीही सारखं दिसलं तरी.) पहिल्यांदा मी घाईत भाजी केली, नीट शिजवलं नाही, चिंच विसरलो, आणि सगळ्यांचे घसे खाजले, आठवतंय ना, तू बर्फ चोखत बसलेलीस. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात ते टोचतात, म्हणून चिंच किंवा आंबट चुका घालून भरपूर शिजवायचं. थोडक्यात या भाजीत घाई केली तर ती तुला लगेच शिक्षा करते. थंडी पडायच्या आत कुंडीतल्या अळकुड्या काढून गराजमध्ये ठेवायच्या, कढीपत्ता घरात घ्यायचा. त्या कढीपत्त्याला जप गं, भारतातून रोप काय साधी ताजी पानंही आणता येत नाहीत, लिंबू-संत्र्याच्या झाडांना रोग लावणारा किडा त्यावर असतो म्हणून बंदी आहे.

तुला एक सण सांगायचा राहिलाय, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषीपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. म्हणजे नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, भाजीपाला नाही, फक्त माणसाने स्वतःच्या हाताने परसात लावलेलं. मग सगळ्या भाज्यांची मिळून एक भाजी करतात, ऋषीची भाजी, अळू, भेंडी, लाल भोपळा, दोडका, पडवळ, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे, माठ, जे असेल ते. फोडणी नाही, मसाला नाही, नुसती हिरवी मिरची, चिंच, मीठ, ओलं खोबरं. पहिल्यांदा फिकी वाटते आणि मग दुसऱ्या वाटीला कळतं की दोडका दोडक्यासारखा लागतोय. या व्रतामागची बायकांच्या शिवण्या-न शिवण्याची जुनी कारणं मला पटत नाहीत, ती आई तुला सांगेल, आमच्या घरात ती कोणी पाळत नाही. भाजी मात्र पाळतो. गेल्या वर्षी मी हट्टाने ठरवलं की फक्त आपल्या बागेतलं घालायचं, तर निघाल्या अकरा भेंड्या, एक दोडका, अळूची पानं, थोडा लाल माठ आणि दोन कणसं. चौघांत चार छोट्या वाट्या. सुरणाशिवाय कसली ऋषीची भाजी असं आजी फोनवर म्हणाली, पण तिला आनंद झाला होता, मला आवाजावरून कळतं.

आता तुझा दुसरा प्रश्न, आजी दोन घास कमी खा म्हणते आणि तीच तिसरी पोळी वाढते, मग खरं काय धरायचं. मी तिला काल हेच विचारलं, स्पीकरवर. ती म्हणाली, "मी वाढणारच, नको म्हणायचं काम तिचं." झालं! आपल्याकडे वाढणाऱ्याने आग्रह करायचा आणि जेवणाऱ्याने पोटाचं ऐकायचं, आपापलं काम. आयुर्वेदात जुना हिशोब आहे की पोटाचे चार भाग धरावे, दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक रिकामा सोडावा. तो रिकामा भाग कुठे सुरू होतो हे आजीला बाहेरून कसं दिसणार? आणि पानात टाकायचं नाही हा नियम आहे म्हणून पोट भरल्यावरही कोंबायचं असं नाही, आधीच कमी वाढून घ्यायचं, पुन्हा मागता येतं. तरीही आजीसमोर नको म्हणणं अवघड आहे हे मला मान्य. माझी युक्ती अशी की पोळी तव्यावर असतानाच ताटावर आडवा हात धरायचा. ती अर्धी तरी टाकतेच, पण अर्धीच.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली आणि ती थोडी बोचते. सगळ्यांना सावकाश होऊ द्या म्हणणारी आजी स्वतः कशी जेवायची? मला लहानपणीचं आठवतं ते असं, आम्ही, आजोबा, आलेगेले सगळे जेवून उठायचे, मग ती ओट्यापाशी उभ्याउभ्या, पातेल्यात उरलेल्या आमटीत गार भात कालवून, पाच मिनिटांत. तिच्या पुढ्यात मीठ-लिंबू कोणी वाढलं नाही. मीही नाही. आमच्याकडे हे कोणाला विचित्रच वाटत नव्हतं. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात ती आली तेव्हा तुम्हाला नियम केला होता ना की आजी बसल्याशिवाय कोणी सुरू करायचं नाही आणि पोळ्या आधीच करून डब्यात ठेवायच्या, तो त्यासाठी होता. तुला वाटलं मी पोळ्यांचा आळस करतोय. पहिले दोन दिवस ती सारखी उठत होती, काय हवं नको बघायला. तिसऱ्या दिवशी तूच तिच्या ताटात लिंबाची फोड ठेवलीस, उजवीकडे, चुकीच्या बाजूला. तिने ती उचलून डावीकडे ठेवली आणि काही बोलली नाही.

बाकी इकडची खबर. तू गेलीस त्या दिवशी ट्रेमध्ये वाळू घालून मेथी पेरली होती, मुंबईला समुद्रकाठी लावतात तशी बारीक, ती मस्त आलीये, उन्हामुळे व्हरांड्यात सावलीला ठेवलीये, तू येईपर्यंत खुडत नाही. ग्राउंडहॉग, तो बिळात राहणारा प्राणी, परत आला होता. जाळीखालून भोक पाडून वालाचे सगळे शेंडे खाल्ले, भेंडीची खालची पानंही, टोमॅटोला मात्र हात लावला नाही, त्याचं काही कळत नाही. आई म्हणते त्याला पण सावकाश होऊ द्या म्हण.

रविवारी अकरा वाजता घ्यायला येतो. अळूची पानं आदल्या दिवशी काढून, बेसन-चिंच-गूळ लावून उंडे उकडून ठेवतो. तळायचे तू आल्यावर, गरम. गाडीत येताना काही खाऊ नकोस.

तुझा,
बाबा

ता.क. स्टँप सरळ लावायचा असतो असा काही नियम नाहीये, मी बघितलं.